नेदरलँड्सला शिकायला जायचंय, मग डच यायलाच हवं का?

दोन-अडीच वर्षं झाली, एकच मेसेज वेगवेगळ्या ग्रुपवर फिरतोय. "नेदरलँड्समध्ये आता परदेशी विद्यार्थ्यांना डच कंपल्सरी, इंग्रजी कोर्स बंद." तो वाचून मग नाशिकहून, पुण्याहून, ठाण्याहून फोन येतात, ताई आमच्या मुलीने तर सगळी तयारी केलीय, आयईएलटीएस पण दिली, आता काय करायचं. मी नेदरलँड्समध्ये बरीच वर्षं राहते, आणि हा गोंधळ इतक्या घरांमध्ये बघितलाय की म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच काढू.

आधी थोडक्यात उत्तर देऊन टाकते. डच लागतं की नाही हे तुम्ही कुठल्या देशाचे त्यावर ठरत नाही, तुम्ही निवडलेला कोर्स कुठल्या भाषेत शिकवतात त्यावर ठरतं. आणि बातम्यांमध्ये जो प्रस्तावित कायदा गाजला तो मुलांची परीक्षा घेणारा नव्हताच, तो कोर्सची परीक्षा घेणारा होता. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की अर्धा गुंता सुटतो.

माध्यम बघा, बाकी सगळं नंतर

आपल्याकडे शाळा म्हटली की पहिला प्रश्न काय असतो, मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम की सेमी? तिथे कॉलेजलाही हाच प्रश्न विचारायचा. प्रत्येक कोर्सच्या पानावर शिकवण्याची भाषा लिहिलेली असते, तिला डचमध्ये फूरटाल म्हणतात. तिथे इंग्रजी लिहिलं असेल तर प्रवेशासाठी इंग्रजीचा पुरावा, म्हणजे बहुतेक ठिकाणी आयईएलटीएसला ६ किंवा ६.५, आणि डचचा एक शब्दही येत नसला तरी ॲडमिशन अडत नाही. तिथे डच लिहिलं असेल तर मात्र डचचा अधिकृत पुरावा द्यावाच लागतो, मग बारावीला ९८ टक्के असोत.

उदाहरण डेल्फ्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचं घ्या, कारण आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं तिथे हमखास बघतात. एकाच कॅम्पसवर एरोस्पेसची बॅचलर डिग्री इंग्रजीत आहे आणि मेकॅनिकलची बॅचलर डचमध्ये. पण तेच मेकॅनिकल मास्टर्सला घेतलं की इंग्रजीत. म्हणजे बारावीनंतर मेकॅनिकलला जाणाऱ्या मुलाला डच हवं आणि भारतात बीई करून एमएसला जाणाऱ्या त्याच्या मोठ्या भावाला नको! त्यामुळे "आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा गेला, त्याला काही लागलं नाही" या वाक्यावर कृपा करून निर्णय घेऊ नका, तो नक्की कशाला गेला ते विचारा.

साधारण चित्र असं आहे की मास्टर्सचे बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत आणि बॅचलरला बराच मोठा भाग डचमध्ये आहे. मेडिसिन, डच कायदा, शिक्षकीपेशाचे कोर्स डचमध्येच, आणि ते समजण्यासारखंच आहे, कारण उद्या पेशंट, अशील आणि वर्गातली मुलं डचच बोलणार आहेत. आइंडहोव्हनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मात्र बॅचलरही इंग्रजीत मिळतं.

अजून एक शब्द इथेच सांगून टाकते कारण पुढे लागेल. तिथे उच्च शिक्षणाची दोन घरं आहेत, एक युनिव्हर्सिटी जिथे संशोधनाकडे झुकलेलं शिक्षण असतं आणि दुसरं होखेस्खोल, जिथे कामाला लागेल असं प्रॅक्टिकल शिक्षण असतं. दोन्हीकडे डच कोर्सला डचची पातळी साधारण तीच मागतात.

ती पातळी म्हणजे बी२, आणि बी२ म्हणजे काय

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. डच माध्यमाच्या कोर्सला बी२ मागतात. आता हे अक्षर-आकडे ऐकून काही कळत नाही, म्हणून मी लोकांना असं सांगते. समजा पाटण्याचा एक मुलगा पुण्यात आला आणि मराठी शिकायला लागला. रिक्षावाल्याला पत्ता सांगता आला, भाजी घेता आली, की तो ए२ ला पोचला. बँकेत जाऊन खात्याची अडचण समजावून सांगितली, घरमालकाशी डिपॉझिटवरून बोलला, की बी१. आणि पेपरातला अग्रलेख वाचून तो कुठे पटला कुठे नाही हे चार वाक्यांत सांगितलं, वर्गात तासभर मराठी व्याख्यान ऐकून नोट्स काढल्या, एखादा विनंतीअर्ज अर्थ बिघडेल अशा चुका न करता लिहिला, तर तो बी२ ला आला.

म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये दोनच पायऱ्या दिसत असल्या तरी प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा उंच आहे. ए१ दोन-तीन महिन्यांत होतं म्हणून बी२ सहा महिन्यांत होईल असा हिशोब लोक करतात आणि तिथेच फसतात. शून्यापासून बी२ पर्यंत यायला पूर्णवेळ, म्हणजे रोज क्लास आणि रोज घरी अभ्यास असं धरलं, तरी साधारण एक वर्ष हाताशी ठेवा. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून संध्याकाळी शिकणार असाल तर त्याहून बरंच जास्त.

पुरावा कुठला चालतो

सगळ्यात जास्त नाव ऐकाल ते एनटी२ परीक्षेचं. ही सरकारी परीक्षा आहे, डच ज्यांची दुसरी भाषा आहे त्यांच्यासाठी. तिच्यात दोन प्रोग्राम आहेत. पहिला बी१ चा, नोकरी आणि कामाच्या ट्रेनिंगसाठी, आणि दुसरा बी२ चा, जो युनिव्हर्सिटीला आणि होखेस्खोलला लागतो. पहिला पास झालात आणि तो दाखवायला गेलात तर उपयोग नाही, दुसराच हवा.

तिचे चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. चारही वेगवेगळे पास व्हावे लागतात, एकात भरपूर मार्क आहेत म्हणून दुसऱ्यातले कमी भरून निघत नाहीत, पण एक राहिला तर फक्त तोच परत देता येतो, बाकीचे तीन वाया जात नाहीत. बोलण्याची परीक्षा समोर माणूस बसवून घेत नाहीत. हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसायचं, तो प्रसंग दाखवतो, तुम्ही मायक्रोफोनमध्ये उत्तर द्यायचं, ठरलेल्या सेकंदांत. शेजारी दहा-पंधरा जण एकाच वेळी बोलत असतात. क्लासमध्ये छान बोलणारी मुलं इथे गांगरतात, म्हणून याचा सराव आधी तसाच, घड्याळ लावून करायचा.

एनटी२ नेदरलँड्समध्येच देता येते. भारतात बसून काही करायचं असेल तर सीएनएव्हीटी नावाचं दुसरं सर्टिफिकेट आहे, परदेशी भाषा म्हणून डच शिकणाऱ्यांसाठी, त्याची परीक्षा जगभरातल्या केंद्रांवर होते. त्यात शिक्षणासाठीचे वेगळे प्रोफाइल आहेत, टुरिस्टसारखं बोलण्याचं प्रोफाइल इथे कामाचं नाही. आणि कुठलीही फी भरायच्या आधी त्या युनिव्हर्सिटीला ईमेल करून विचारा की हे सर्टिफिकेट, हे प्रोफाइल तुम्ही घेता का, उत्तर लेखी येऊ द्या. ॲपवरचे बॅज, क्लासने दिलेलं कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट, यांना प्रवेशाच्या टेबलावर किंमत नाही.

बेल्जियमचा डच बोलणारा भाग, फ्लॅंडर्स, तिथे जायचा विचार असेल तर नावं थोडी बदलतात. तिथल्या युनिव्हर्सिटींनी मिळून आयटीएनए नावाची परीक्षा चालवलीय, एक भाग कॉम्प्युटरवर आणि एक समोरासमोर बोलण्याचा. इंग्रजी बॅचलर तिथे नेदरलँड्सपेक्षा कितीतरी कमी, कायदाच तसा कडक आहे.

आधी ॲडमिशन घेऊ, डच तिथे जाऊन शिकू, असं चालतं का?

चालतं, पण त्याला एक ठरलेला रस्ता आहे. काही युनिव्हर्सिटी तयारीचं वर्ष देतात. त्या वर्षात डच शिकायचं, गरज असेल तर गणित-फिजिक्ससारखे राहिलेले विषय पूर्ण करायचे, परीक्षा पास व्हायची आणि मग पहिल्या वर्षाला बसायचं. हे वर्ष पुढच्या ॲडमिशनला जोडलेलं असेल तर त्यासाठी रेसिडन्स परमिट मिळतं, पण एकच वर्ष. मार्केटमधल्या कुठल्यातरी खाजगी डच क्लासला नाव घातलं म्हणून स्टुडंट व्हिसा मिळत नाही, हे नीट लक्षात ठेवा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला एजंटने उलटं सांगितलं होतं, त्याचे पैसेही गेले आणि वर्षही गेलं, आणि त्याच्या आईचा आवाज मला अजून आठवतो. मुलाची चूक काहीच नव्हती, कोणी खरं सांगितलं नव्हतं एवढंच.

आणि खर्चाचा विचार करा. तयारीचं वर्ष म्हणजे एक पूर्ण वर्षाची फी, भाडं, खाणं, इन्शुरन्स, आणि शेवटी चारातला एक पेपर राहिला तर सप्टेंबरचं पहिलं वर्ष हुकतं. म्हणून मी सांगते की निदान ए२ पर्यंत भारतातूनच शिकून जा, ऑनलाइन क्लास भरपूर आहेत, म्हणजे तिकडचं वर्ष अवघड पायऱ्यांसाठी उरतं.

मग तो कायदा नक्की काय होता

थोडं मागे जाऊ. डच उच्च शिक्षणाच्या कायद्यात मुळात लिहिलंय की शिक्षण आणि परीक्षा डचमध्ये, काही कारणं असतील तर दुसऱ्या भाषेत चालेल. ती "काही कारणं" वर्षानुवर्षं इतकी सैल झाली की कोर्समागून कोर्स इंग्रजीत गेला. २०१८ मध्ये एका शिक्षण संघटनेने मास्ट्रिख्ट आणि ट्वेंटे या दोन युनिव्हर्सिटींना इंग्रजी सायकॉलॉजी कोर्सवरून कोर्टात खेचलं, कोर्टाने त्यांची मागणी फेटाळली पण विषय काही संपला नाही.

तोवर परदेशी मुलांची संख्या वाढत गेली, २०२३-२४ मध्ये ती सुमारे १,२८,००० झाली. लेक्चर हॉल भरले, खोल्या मिळेनात, सप्टेंबरमध्ये मुलं कॅम्पिंगच्या तंबूत आणि मित्रांच्या सोफ्यावर राहायला लागली. युरोपीय युनियनमधल्या मुलांचा शिक्षणाचा मोठा खर्च डच सरकार उचलतं, भारतातल्या मुलाला मात्र कितीतरी पट फी स्वतः भरावी लागते, हा फरक लक्षात ठेवा, कारण चर्चेत सगळ्यांना एकाच पोत्यात घालतात.

मे २०२४ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री रॉबर्ट डाइकग्राफ यांनी संसदेत विधेयक आणलं. त्यातली मुख्य कल्पना आपल्या सेमी-इंग्रजीसारखी होती. बॅचलर कोर्सचा निदान दोन तृतीयांश भाग डचमध्ये हवा, फार तर एक तृतीयांश दुसऱ्या भाषेत. त्याहून जास्त इंग्रजी हवं असेल तर त्या कोर्सने एक चाचणी पास करायची, म्हणजे दाखवून द्यायचं की आम्हाला इंग्रजी का लागतं. कारणं चार प्रकारची धरली होती. त्या भागात लोकसंख्या घटतेय किंवा सीमेलगतची परिस्थिती आहे, त्या कामाला माणसं मिळत नाहीत, तो कोर्स देशात एकाच ठिकाणी आहे, किंवा विषयच मुळात आंतरराष्ट्रीय आहे. बघा, या सगळ्यात कुठेही "परदेशी मुलाने डचची परीक्षा द्यावी" असं नाही. परीक्षा कोर्सची. मेसेज बनवणाऱ्याने "डच" आणि "परीक्षा" हे दोन शब्द वाचले आणि पुढचं स्वतःच जोडून दिलं.

विरोधही जोरात झाला. मास्ट्रिख्टमध्ये निम्म्याहून जास्त विद्यार्थी बाहेरचे आहेत, तिथे इंग्रजी काढलं तर शहराचं काय होईल असा प्रश्न आला. आइंडहोव्हनजवळ चिपच्या मशिन बनवणारी कंपनी आहे, तिला इंजिनिअर हवेत, आणि त्याच २०२४ मध्ये सरकारने त्या भागात शिक्षण, घरं, रस्ते यांसाठी अडीच अब्ज युरोची योजना जाहीर केली होती. एका हाताने इंजिनिअर बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांचे कोर्स बंद करायचे हे जमणार कसं? शेवटी २०२५ च्या उन्हाळ्यात डाइकग्राफ यांच्यानंतरचे मंत्री एप्पो ब्रुइन्स यांनी आधीपासून चालू असलेल्या कोर्ससाठीची ही चाचणी सोडून द्यायचं ठरवलं.

म्हणजे काळजीचं कारणच नाही?

असंही म्हणता येत नाही. युनिव्हर्सिटींनी फेब्रुवारी २०२४ मध्येच स्वतःहून सांगितलं की सध्या नवे इंग्रजी बॅचलर सुरू करणार नाही आणि मोठ्या इंग्रजी कोर्सची डच आवृत्ती तयार करू. काही कोर्समध्ये इंग्रजी वर्गाला मुलांच्या संख्येची मर्यादा लागतेय. म्हणजे दार बंद होत नाहीये पण बॅचलरला ते थोडं अरुंद होतंय, मास्टर्सला तेवढा फरक नाही. संख्येची मर्यादा असलेल्या कोर्सला अर्जाची तारीख १५ जानेवारी असते, बाकीच्यांची पुढे, आणि आपल्याकडे तेव्हा बारावीच्या प्रॅक्टिकलची गडबड असते, त्यामुळे ही तारीख हमखास हुकते. अर्ज स्टुडीलिंक नावाच्या देशभरच्या सामायिक पोर्टलवरून जातो.

तिथे तर सगळ्यांना इंग्रजी येतं, मग डच शिकायचं कशाला?

हा प्रश्न बाबालोक विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. दुकानात, स्टेशनवर, बँकेत इंग्रजीवर भागतं. पण डिग्री झाल्यावरचं बोलू. परदेशी पदवीधराला नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं, त्या वर्षाला झूकयार म्हणतात. आयटी, चिप, मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्या इथे इंग्रजी चालतं. मार्केटिंग, एचआर, नगरपालिका, शाळा, हॉस्पिटल, बांधकाम साइट, इथे जाहिरातीतच डच लिहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसगत फिजिओथेरपीत बघितलीय. काही होखेस्खोलमध्ये फिजिओ इंग्रजीत शिकवतात, प्रवेशाला डच मागत नाहीत, मुलं खुशीत जातात. मग कळतं की गुडघा दुखतोय म्हणून आलेल्या ऐंशी वर्षांच्या आजी काही इंग्रजीत सांगणार नाहीत कुठे कळ येते ते, आणि तिथे नोंदणी करून काम करायचं तर डच हवंच. प्रवेशाचा नियम वेगळा, पेशाचा नियम वेगळा. कोर्स निवडताना दोन्ही विचारा.

आम्ही नेदरलँड्समध्येच राहतो, मुलं इंटरनॅशनल शाळेत आहेत, आमचं काय?

ॲमस्टेल्वीन आणि आइंडहोव्हनच्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न आता फार येतो. मुलगी दहा वर्षं नेदरलँड्समध्ये राहिलीय पण शाळा इंग्रजी, आयबी बोर्ड. तिला तिथेच डॉक्टर व्हायचं असेल तर पत्ता ॲमस्टेल्वीनचा आहे म्हणून सूट नाही, तिलाही डचचा पुरावा लागतो. आयबीमध्ये डच विषय वरच्या पातळीला घेतला असेल तर बऱ्याच ठिकाणी तो चालतो, नाहीतर एनटी२ चा दुसरा प्रोग्राम. ही गोष्ट शेवटच्या वर्षी कळून उपयोग नाही, विषय निवडतानाच ठरवावी लागते. डच शाळेतून डच विषय घेऊन पुढे आलेल्या मुलांना मात्र वेगळी परीक्षा नसते.

आपल्याला जमेल का ही भाषा?

जमते, आणि हे मी धीर द्यायला म्हणून सांगत नाहीये. जर्मन मुलं काही आठवड्यांच्या क्लासमध्ये डच उचलतात, त्यांची भाषा शेजारची आहे, त्यांच्या टाइमटेबलशी स्वतःची तुलना करू नका. पण मराठी माणसाच्या हातातही काही गोष्टी आहेत ज्या नुसतं इंग्रजी येणाऱ्याकडे नसतात.

तो घशातला ख, ज्याला बाकीचे लोक घाबरतात, तो आपल्या ख च्या जवळचा, थोडा खरखरीत केला की झालं. आकडे बघा, पंचवीसला ते फाइफ-एन-ट्विंतिख म्हणतात, म्हणजे पाच आणि वीस, आधी पाच मग वीस, अगदी पंचवीससारखं. मुख्य वाक्याला जोडलेल्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. "ओमदात इक मॉर्खन नार ॲमस्टरडॅम खा", शब्दाला शब्द लावला तर "कारण मी उद्या ॲमस्टरडॅमला जाते", क्रियापद दोन्हीकडे शेवटी. इंग्रज माणसाला इथे अडखळायला होतं, आपल्याला घरचंच वाटतं. नामांना दोन गट आहेत, दे आणि हेत, कुठलं कशाला लागतं ते पाठच करावं लागतं, पण तो पलंग, ती खुर्ची, ते कपाट हे आपण कुठल्या नियमाने शिकलो होतो?

आणि माझं सगळ्यात आवडतं, वेळ सांगणं. हाल्फ द्री, म्हणजे शब्दशः अर्धा तीन. नवीन माणूस साडेतीन समजतो आणि तासभर उशिरा पोचतो. खरी वेळ अडीच! तिसऱ्या तासातला अर्धा झाला, म्हणून. आता आपला अडीच शब्द कुठून आला, तर संस्कृतातल्या अर्धतृतीय वरून, म्हणजे तिसरा अर्धा. हिशोब तोच. माझ्या भाचीने हे ऐकलं त्या दिवसापासून तिची डच घड्याळाची एकही वेळ चुकली नाही, एनटी२ च्या ऐकण्याच्या पेपरात ट्रेनच्या वेळेचा प्रश्न आला तेव्हा तिने मनात अडीच म्हटलं आणि बरोबर उत्तर लिहून आली. बोलण्याचा पेपर राहिलाय अजून तिचा, तीन आठवड्यांनी आहे, रोज संध्याकाळी हेडफोन लावून भिंतीशी बोलत असते.